इनबॉक्समधला ईमेल सारखा गायब होतो? तो जातो कुठे आणि शोधायचा कसा

सकाळी फोनवर मेल आला, ओझरता वाचला, दुपारी निवांत बघू म्हणून ठेवला. दुपारी इनबॉक्स वरपासून खालपर्यंत चाळला तरी तो नाही. एकदा झालं तर नजरचूक म्हणता येईल. पण दर आठवड्याला असंच होत असेल, तर त्यामागे एखादं ठरावीक कारण असतं आणि ते सापडेपर्यंत मेल असेच जात राहतात. म्हणजे कामं दोन आहेत: आजचा मेल शोधणं आणि तो गेला कसा हे शोधणं. मेल सापडला की सुटकेचा निःश्वास टाकून दुसरं काम सोडून दिलं जातं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच शोधाशोध होते.

सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी अजिबात करू नका. ट्रॅश रिकामा करू नका. फोनवरचं मेलचं अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. संगणकातल्या मेल प्रोग्रॅममधून खातं काढून पुन्हा जोडू नका. 'एकदा सगळं साफ करून बघू' हा सल्ला हमखास मिळतो, पण त्यात हरवलेल्या मेलची उरलेली एकमेव प्रत जाऊ शकते. आउटबॉक्समध्ये अडकून पडलेला, अजून न गेलेला मेल तर फक्त त्या फोनवरच असतो. अ‍ॅप काढलं की तोही गेला.

आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न: तो मेल तुम्ही स्वतः पाहिला होता का? पाहिला असेल, तर तो तुमच्या खात्यात पोचला होता आणि नंतर कुठेतरी हलला. समोरच्याने नुसतं 'पाठवलाय' असं सांगितलं असेल, तर तो पोचलाच नसण्याची शक्यता आहे. त्याचा तपास वेगळा असतो. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की अर्धा दिवस वाया जातो.

दुसरा प्रश्न: ब्राउझरमध्ये तो मेल दिसतो का? फोनचं अ‍ॅप बाजूला ठेवा. संगणकावर क्रोम, फायरफॉक्स, जे असेल ते उघडा, मेलच्या वेबसाइटवर लॉगिन करा आणि तिथे पाहा. तिथे मेल असेल आणि फोनवर नसेल, तर मेल सुखरूप आहे, फक्त फोनची खात्याशी जुळणी (सिंक) बिघडली आहे. तिथेही नसेल, तर तो खात्यातच हललेला किंवा काढला गेलेला आहे. या पाच मिनिटांच्या तपासणीने निम्मी कारणं बाद होतात.

लॉगिन करताना उजव्या कोपऱ्यातलं गोल चित्र दाबून आपण कोणत्या पत्त्याच्या खात्यात आहोत ते वाचा. एकाच फोनवर घरचं आणि कामाचं खातं असेल, तर मेल दुसऱ्याच खात्यात असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

जीमेल: अंगठा सरकला आणि मेल गेला

जीमेलमध्ये सगळे मेल एकाच मोठ्या साठ्यात असतात. 'इनबॉक्स' ही त्यातल्या काही मेलवर डकवलेली चिठ्ठी आहे. 'आर्काइव्ह' केलं की ती चिठ्ठी निघते आणि मेल साठ्यात तसाच राहतो. फोनवर यादी वर-खाली करताना अंगठा थोडा आडवा सरकला की बहुतेक फोनांवर मेल आर्काइव्ह होतो. खाली एक पट्टी येते, त्यात 'अनडू' लिहिलेलं असतं. काही सेकंदांत ती पट्टी नाहीशी होते आणि आपलं लक्षही गेलेलं नसतं. उघडलेल्या मेलच्या वर खाली-बाण असलेल्या खोक्याचं चिन्ह दिसतं, तेही आर्काइव्हचंच. कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह त्याला अगदी खेटून असतं.

शोधायचं असं: फोनवर डावीकडच्या तीन आडव्या रेषा दाबा आणि यादीत खाली जाऊन 'ऑल मेल' उघडा. संगणकावर डावीकडच्या यादीत ते लगेच दिसत नाही. आधी 'मोअर' दाबावं लागतं. अ‍ॅप मराठीत ठेवलं असेल तर ही नावं मराठीत दिसतील, पण चिन्हं आणि जागा त्याच असतात. संगणकावर 'ऑल मेल' पाहताना एक खूण उपयोगी पडते. जे मेल अजून इनबॉक्समध्ये आहेत, त्यांच्या विषयाच्या आधी राखाडी रंगात 'इनबॉक्स' असं बारीक लिहिलेलं असतं. ज्यांच्यापुढे ते नाही आणि जे तुम्ही पाठवलेलेही नाहीत, ते आर्काइव्ह झालेले. तुमचा मेल त्यात दिसला की उघडा, वरचे तीन ठिपके दाबा, 'मूव्ह टू इनबॉक्स' निवडा.

आता कारण मिटवा. अँड्रॉइडवर: तीन रेषा, 'सेटिंग्ज', 'जनरल सेटिंग्ज', तिथे 'स्वाइप अ‍ॅक्शन्स'. आयफोनवरही हीच सोय जीमेल अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये आहे. उजवीकडे आणि डावीकडे, दोन्ही दिशांना 'नन', म्हणजे काहीच नाही, ठेवा. स्वाइपने काम झटपट होतं खरं, पण ज्यांचे मेल वारंवार जातात त्यांनी ही सोय बंदच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान 'डिलीट' तरी स्वाइपवर ठेवू नका.

मेल 'ऑल मेल'मध्येही नसेल, तर स्पॅम आणि ट्रॅश पाहा. हे दोन कप्पे 'ऑल मेल'च्या बाहेर असतात आणि दोन्हींमधले मेल 30 दिवसांनी आपोआप कायमचे पुसले जातात. म्हणून शोध पुढच्या महिन्यावर ढकलू नका. स्पॅममध्ये मेल सापडला तर तो उघडून 'नॉट स्पॅम' दाबा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या संपर्कांत जोडा. दोन्ही केल्यावर त्याचे पुढचे मेल तिकडे जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

टॅबचा घोळही तपासा. इनबॉक्स 'प्रायमरी', 'प्रमोशन्स', 'सोशल', 'अपडेट्स' असा वाटलेला असेल, तर उघडल्यावर फक्त 'प्रायमरी' दिसतं. तिकिटं, पावत्या, नोंदणीचे मेल बहुधा 'अपडेट्स'मध्ये जातात. संगणकावर तो मेल माऊसने धरून 'प्रायमरी'च्या टॅबवर ओढा. सोडल्यावर 'या पत्त्याचे पुढचे मेलही इकडेच आणायचे का' अशा अर्थाचा प्रश्न येतो, त्याला हो म्हणा. तो प्रश्न न पाहता पुढे गेलात तर उद्याचा मेल पुन्हा तिकडेच जाईल.

घड्याळाचं चिन्ह चुकून दाबलं गेलं असेल तर मेल 'स्नूझ' होतो. तो 'स्नूझ्ड' कप्प्यात बसतो आणि ठरल्या वेळी परत वर येतो. 'म्यूट' केलेल्या संभाषणात नवी उत्तरं आली तरी ती इनबॉक्समध्ये येत नाहीत, थेट 'ऑल मेल'मध्ये जातात.

एकाच धाग्यात गुंफलेले मेल

जीमेल आणि आउटलुक दोन्ही एकाच विषयाचे मेल एका साखळीत बांधतात. कोणी आठ महिन्यांपूर्वीच्या मेललाच उत्तर देऊन नवी माहिती पाठवली, तर ती त्या जुन्या साखळीच्या पोटात जाते. तुम्ही नव्या विषयाचा वेगळा मेल शोधत बसता, तो मिळत नाही. साखळी उघडल्यावर मधले मेल घडी घालून ठेवलेले असतात. मधल्या आकड्यावर टिचकी मारली की ते उलगडतात.

यापेक्षा मोठा धोका खोडताना असतो. यादीत त्या ओळीवर कचऱ्याचा डबा दाबला, तर तो एकच मेल न जाता अख्खी साखळी जाते. शेवटचा 'ओके, धन्यवाद' पुसायला जाल आणि त्याच्याबरोबर करारनाम्याची फाइल असलेला मेलही ट्रॅशमध्ये जाईल. एकच मेल काढायचा असेल तर साखळी उघडा, नेमक्या त्या मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि तिथलं 'डिलीट धिस मेसेज' वापरा. साखळीच नको असेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'कॉन्व्हर्सेशन व्ह्यू' बंद करता येतो. संगणकावर आणि फोनवर ही सेटिंग वेगवेगळी पाहावी लागते.

सकाळी दिसतो, संगणक चालू केला की जातो

हे लक्षण इतकं ठळक आहे की ते कळलं तर बाकी काही तपासायची गरज नाही. फोनवर मेल येतात, दिसतात. मग घरातला किंवा कचेरीतला जुना संगणक सुरू होतो, त्यातला आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा मेल प्रोग्रॅम उघडतो आणि थोड्या वेळात फोनवरचे मेल नाहीसे होतात. याचं कारण 'पॉप' नावाची जुनी पद्धत. त्या पद्धतीत संगणक सर्व्हरवरून, म्हणजे मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरून, मेल उतरवून घेतो आणि सर्व्हरवरची प्रत काढून टाकू शकतो. घरी एकच संगणक असायचा तेव्हा ते ठीक होतं. आता तोच मेल फोन, टॅब्लेट आणि संगणक अशा तीन ठिकाणी लागतो, आणि पॉपने तो एकाच ठिकाणी अडकतो.

मेल गेलेले नसतात, त्या संगणकावर असतात. तिथे इनबॉक्स उघडून खात्री करा. मग त्या प्रोग्रॅमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन सर्व्हर' या अर्थाची चौकट शोधा आणि त्यात खूण करा. तिच्या खाली बहुधा 'अमुक दिवसांनी सर्व्हरवरून काढा' अशी दुसरी चौकट असते आणि आकडा 14 असतो. ती खूण काढा, नाहीतर मेल दोन आठवड्यांनी जातील आणि तुम्हाला वाटेल की दुरुस्ती झालीच नाही. जीमेल असेल तर वेबसाइटवर 'सेटिंग्ज'मधलं 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' हे पानही पाहा. पॉपने मेल उचलल्यावर जीमेलने आपल्या प्रतीचं काय करायचं, ते तिथे ठरवलेलं असतं. तिथे 'कीप' निवडा.

कायमचा उपाय म्हणजे ते खातं 'आयमॅप'ने जोडणं. त्यात मूळ मेल सर्व्हरवर राहतात आणि सगळीकडे सारखेच दिसतात. पण पॉपने उतरवलेले जुने मेल फक्त त्या संगणकाच्या डिस्कवर असतील, हे विसरू नका. आधी ते मेल ज्या फाइलमध्ये साठवलेले आहेत तिची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, मगच जुनं खातं काढा.

फोनवर जुने मेलच नाहीत

ब्राउझरमध्ये सगळं दिसतं आणि फोनवर फक्त अलीकडचं, अशी तक्रार असेल तर अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये सेटिंग्ज उघडून खात्याचं नाव दाबा. 'सिंक जीमेल'वर खूण आहे का ते पाहा. त्याच्या जवळच किती दिवसांचे मेल फोनवर उतरवायचे, तो आकडा असतो. तो बहुधा 30 असतो. नेट नसताना त्यापेक्षा जुने मेल फोनवर मिळत नाहीत. फोनची जागा भरली असेल तरी जुळणी थांबते.

संगणकावरच्या आउटलुकमध्येही असंच होतं. तो ठरावीक काळाचेच मेल डिस्कवर ठेवतो. यादीच्या तळाशी 'सर्व्हरवर आणखी मेल आहेत, पाहण्यासाठी इथे दाबा' अशा अर्थाची ओळ येते, ती दाबा.

आउटलुकच्या आणखी काही खोड्या. इनबॉक्सच्या वर 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोन भाग असतात. मेल 'अदर'मध्ये असू शकतो. यादीच्या वर 'फिल्टर' असतो आणि तो 'अनरेड'वर राहिला असेल, तर वाचलेला प्रत्येक मेल डोळ्यांदेखत नाहीसा होतो. तो 'ऑल'वर आणा. एखादा पूर्ण फोल्डरच गायब झाला असेल, तर तो माऊसने ओढला जाऊन शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेलेला असतो. प्रत्येक फोल्डरच्या नावाजवळचा छोटा बाण दाबून उलगडत जा. आणि मेल निवडलेला असताना बॅकस्पेसची कळ दाबली गेली, तर आउटलुक त्याला 'आर्काइव्ह' फोल्डरमध्ये टाकतो.

शोधचौकटीत काय लिहायचं

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

जीमेल साधारणपणे पूर्ण शब्द जुळवतो, शब्दाचा तुकडा नाही. बिल क्रमांकाचे मधले चार आकडे टाकले तर निकाल येईलच असं नाही. क्रमांक पूर्ण टाका. मराठीत लिहिलेल्या मेलचा त्रास आणखी वेगळा आहे. आपण 'पावती' शोधतो आणि मेलमध्ये 'पावतीची', 'पावत्या', 'पावतीसोबत' असं लिहिलेलं असतं. प्रत्यय लागलेला शब्द शोधासाठी वेगळा शब्द ठरू शकतो. शिवाय पाठवणाऱ्याने तोच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला असेल, तर देवनागरीत शोधून तो मिळणार नाही. नावाची स्पेलिंगही एकच नसते: देशपांडे, चौधरी, जोशी ही आडनावं इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. रकमेतला स्वल्पविराम असाच फसवतो. 12,500 आणि 12500 दोन्ही टाकून पाहा. मजकूर फोटोत किंवा स्कॅन केलेल्या कागदात असेल तर त्यातल्या शब्दांवर भरवसा ठेवू नका, मेलच्या विषयातला शब्द आठवा.

म्हणून शब्दांवर कमी आणि पाठवणारा व तारीख यांवर जास्त विसंबा. त्यासाठी जीमेलच्या शोधचौकटीच्या उजव्या टोकाला आडव्या रेषा आणि गोळ्यांचं छोटं चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो.

1. 'फ्रॉम'मध्ये पाठवणाऱ्याचं नाव किंवा पत्ता. संस्थेचा मेल असेल तर पत्त्यातल्या @ नंतरचाच भाग टाका. एकच संस्था तीन-चार वेगवेगळ्या पत्त्यांवरून मेल पाठवते, त्या सगळ्यांमध्ये तेवढा भाग समान असतो.
2. 'डेट विदिन'मध्ये अंदाजे तारीख आणि तिच्या आगेमागे किती दिवस. आठवण नेहमी थोडी चुकते, तेव्हा एक महिना किंवा दोन महिने ठेवा.
3. फाइल जोडलेली होती हे पक्कं आठवत असेल तरच 'हॅज अटॅचमेंट'वर खूण करा. पुष्कळदा फाइल नसून नुसती लिंक असते, आणि मग या खुणेमुळे हवा तो मेलच गाळला जातो.
4. सर्वांत महत्त्वाचं: 'सर्च' असं लिहिलेल्या रकान्यात 'ऑल मेल' असतं. ते बदलून यादीतला 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' हा पर्याय निवडा.

चौथी पायरी सोडल्यामुळेच 'मी सगळीकडे शोधलं' असं प्रामाणिकपणे वाटत राहतं. साधा शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये जातच नाही. आउटलुकमध्ये शोधचौकटीच्या बाजूला शोध कुठे घ्यायचा ते निवडता येतं. 'करंट फोल्डर' असेल तर 'ऑल मेलबॉक्सेस' करा.

काहीच मिळत नसेल तर 'सेंट' उघडा. त्या मेलला तुम्ही उत्तर दिलं असेल, तर तुमच्या उत्तराच्या खाली मूळ मजकूर जसाच्या तसा जोडलेला असतो. फाइल मात्र त्यात नसते. तिच्यासाठी फोनचं 'डाउनलोड्स' पाहा, उघडून पाहिलेली फाइल तिथे राहिलेली असू शकते.

एकाच पत्त्याचे मेल जात असतील तर

बाकी सगळे मेल येतात, फक्त एका व्यक्तीचे किंवा बँकेचे येत नाहीत, अशी स्थिती असेल तर नियम तपासा, म्हणजे ठरावीक मेल आला की त्याचं आपोआप काय करायचं हे सांगणारे फिल्टर. जीमेलच्या वेबसाइटवर गिअरचं चिन्ह, 'सी ऑल सेटिंग्ज', 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस'. आउटलुकमध्ये 'रूल्स'. 'स्किप इनबॉक्स' किंवा 'डिलीट इट' असा फिल्टर दिसला तर तो कशासाठी केला होता ते आठवा. जाहिराती थांबवायला 'ऑफर' शब्दावर लावलेला फिल्टर नोकरीच्या ऑफर लेटरलाही गिळतो. ब्लॉक केलेल्या पत्त्याचे मेल जीमेलमध्ये स्पॅममध्ये जातात, ते ब्लॉक केलेले पत्तेही याच पानावर दिसतात.

तुम्ही कधीच न केलेला नियम दिसला, किंवा फॉरवर्डिंगच्या (मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याच्या) पानावर अनोळखी पत्ता दिसला, तर हे गंभीरपणे घ्या. खात्यात शिरलेला माणूस बँकेचे आणि पासवर्ड बदलाचे मेल तुम्हाला दिसू नयेत म्हणून असे नियम लावतो. आधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मग ज्या उपकरणावर विश्वास आहे त्यावरून पासवर्ड बदला, बाकी सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, नियम आणि अनोळखी पत्ता काढा, खातं परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन नंबर तुमचाच आहे ना ते पाहा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) सुरू करा. त्यानंतर बँकेला कळवा.

मेल आलाच नसेल तर

जीमेलची मोफत जागा 15 जीबी असते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. मेल मोजकेच असले तरी फोनवरच्या फोटोंनी ती भरते, आणि भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ लागतात. जागा मोकळी केल्यावर परत गेलेले मेल आपोआप येत नाहीत, ते पुन्हा मागवावे लागतात. जोडलेली फाइल 25 एमबीपेक्षा मोठी असेल तर जीमेलवरून ती जोडून पाठवताच येत नाही, तिथे लिंक जाते. पत्त्यात एक अक्षर चुकलं असेल तर मेल परत येतो, किंवा त्या चुकीच्या पत्त्याच्या माणसाकडे जातो. जीमेलच्या पत्त्यातला टिंब चुकला तर मात्र काही बिघडत नाही.

ट्रॅशमधूनही गेला असेल तर

वैयक्तिक जीमेलमध्ये ट्रॅशमधून पुसलेला मेल परत मिळण्याची आशा फार थोडी. कामाचं किंवा शाळा-कॉलेजचं गूगल खातं असेल, तर ट्रॅशमधून गेल्यावर 25 दिवसांच्या आत तिथला अ‍ॅडमिन, म्हणजे संस्थेची खाती सांभाळणारा माणूस, तो परत आणू शकतो. त्याला त्याच दिवशी गाठा. आउटलुकमध्ये 'डिलीटेड आयटम्स' उघडल्यावर 'रिकव्हर आयटम्स डिलीटेड फ्रॉम धिस फोल्डर' अशी ओळ असते. वैयक्तिक खात्यात तिथे 30 दिवसांपर्यंतचे मेल मिळतात. कचेरीच्या खात्यात ही मुदत साधारण 14 दिवस असते, अ‍ॅडमिन ती 30 पर्यंत वाढवू शकतो.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर पाठवणाऱ्याकडे मागा. नुसतं 'पुन्हा पाठवा' म्हणू नका. त्याला त्याच्या 'सेंट'मध्ये तो मेल उघडायला सांगा, वर लिहिलेला तुमचा पत्ता अक्षर न अक्षर वाचून दाखवायला सांगा, आणि त्याच सुमारास 'डिलिव्हरी'चा उल्लेख असलेला, परत आल्याचा मेल त्याच्या इनबॉक्समध्ये किंवा स्पॅममध्ये आहे का ते विचारा. असेल तर तो तुम्हाला पाठवायला सांगा: जागा भरली होती, पत्ता चुकला होता की फाइल मोठी होती, हे बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.